एक गुंठा, तीन ठिपके

एका गुंठ्यात किती ठिपके बसतात हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला. उत्तर आहे तीन. आयआरएस-१सी या आपल्या उपग्रहावरचा कृष्णधवल कॅमेरा जमिनीचा ५.८ मीटर बाय ५.८ मीटरचा तुकडा एका ठिपक्यात पकडायचा, म्हणजे जेमतेम ३४ चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा. पुढचा भागाकार कुणीही करावा. पुण्याच्या कडेकडेनं ज्या मापानं जमिनी विकल्या गेल्या, ज्या मापावरून भावाभावांत अबोला झाला, ते माप ८१७ किलोमीटर उंचीवरून तीन ठिपक्यांत मावत होतं.

हा उपग्रह २८ डिसेंबर १९९५ रोजी कझाकस्तानातल्या बैकोनूरहून रशियन मोल्निया रॉकेटवर बसून गेला. वजन साडेबाराशे किलो. तीन वर्षं चालेल असं धरलं होतं, चालला पावणेबारा. २१ सप्टेंबर २००७ रोजी त्याचं काम थांबलं. फिल्मच्या भानगडीत न पडता थेट आकडे खाली धाडणाऱ्या नागरी उपग्रहांमध्ये त्या काळी इतकी बारीक नजर जगात दुसऱ्या कुणाची नव्हती. १९९९ साली अमेरिकेचा इकोनॉस एक मीटरवर आला तेव्हा आपला मान गेला. उपग्रह मात्र गेलेला नाही. तो अजून वर फिरतोच आहे. तेवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की मेलेला उपग्रह खाली यायला शतक लागावं.

त्याच्या सांगाड्याचं काय करायचं यावर अंतराळवाले बोलतात, आणि बोलायलाच हवं. मला बोलायचंय ते त्याच्या दप्तराबद्दल. उपग्रह निवृत्त झाला की त्यानं टिपलेला प्रत्येक फोटो, कितीही बारीक नजरेचा असो, ठरावीक वर्षांनी लोकांसाठी खुला झाला पाहिजे. आणि खुला म्हणजे कुठल्याशा सर्व्हरवर पडलेला नव्हे. सातबाऱ्याचा उतारा मिळतो तसा, तारखेसकट, सहीशिक्क्यासकट हातात पडणारा.

मी ड्राफ्ट्समन होतो. तीसेक वर्षं एका खासगी कन्सल्टंटकडे रेघा मारल्या, आधी ट्रेसिंगवर, मग कॅडवर. ऑफिस बंद करताना मालकांनी रद्दी काढली, त्यात पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेला एक फोटो होता. जानेवारी १९९९चा, याच उपग्रहाच्या रंगीत कॅमेऱ्याचा. हे फोटो तेव्हा हैदराबादहून, उपग्रहांचे फोटो सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडून मागवायचे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटच्या चौकटीत बसवून मिळायचे, पंधरा मिनिटं अक्षांश, पंधरा मिनिटं रेखांश. १:५०,०००च्या मापात छापला की पावणेदोन फुटांचा चौकोन. माझ्याकडचा आहे सत्तेचाळीस एफ पंधरा या नंबरच्या शीटचा. डाव्या कडेला सिंहगड आणि खडकवासल्याच्या धरणाची भिंत जेमतेम आत. वरच्या कडेला पर्वती आत, सारसबाग बाहेर. पर्वतीच्या खालच्या अंगाला कात्रज, त्याखाली घाटाची तपकिरी डोंगररांग, उजवीकडे फुरसुंगीच्या अंगाला कालव्याखालचं बागायत लालभडक.

लालभडक, कारण या फोटोत हिरवं ते लाल दिसतं. त्या कॅमेऱ्याला निळा रंग घ्यायची सोयच नव्हती. हिरवा, लाल आणि डोळ्याला न दिसणारे दोन अवरक्त पट्टे. पानं अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतात, तो छापताना लाल शाईत दाखवायचा अशी रीत. वस्ती निळसर करडी, पाणी काळं. पहिल्यांदा बघणारा हटकून विचारतो, एवढी आग कुठे लागली होती?

आता हा फोटो मी कपाटातून का काढला ते सांगतो. धनकवडीच्या वरच्या अंगाला आमची सोसायटी. मागून पाण्याची एक वाट जाते, पुढे आंबिल ओढ्याला मिळणारी. वाट म्हणतो, कारण तिच्यावर आता स्लॅब आहे, स्लॅबवर पार्किंग आहे आणि पार्किंगच्या कडेला कुणाचं तरी गोडाऊन. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र पुण्याच्या दक्षिण भागात कुणी विसरणार नाही. आंबिल ओढा फुटला, अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली, त्या एका रात्रीच्या पावसात वीसहून अधिक माणसं गेली. आमच्याकडे जीव वाचले, गाड्या गेल्या. तळमजल्यावरच्या आजींना खिडकीतून बाहेर काढलं. नंतर आम्ही चौघं अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. ओढा मोकळा करा, एवढंच मागणं.

टेबलावरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं नकाशा पसरला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "काका, इथे ओढा दाखवलेलाच नाही. होता असं तुम्ही म्हणताय. कागद काय म्हणतो ते आणा."

कागद. आमच्या जोशीकाकूंचं लहानपण त्या ओढ्यात खेकडे धरण्यात गेलं, पण काकूंना कागद म्हणता येत नाही. तेव्हा मी घरी येऊन नळी उघडली, भिंग घेतलं. आमच्या सोसायटीच्या जागी फिकट शेत, आणि त्यातून ईशान्येकडे सरकत गेलेली दोऱ्यासारखी लाल रेघ. रुंदी अर्धा मिलिमीटर. या कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. तेव्हा प्रत्यक्ष ओढा त्यात दिसणं शक्यच नाही. दिसते ती काठची झाडी. जानेवारीत, आजूबाजूची जमीन सुकलेली असताना, जी झाडी हिरवीगार असते तिच्या मुळाशी पाणी असतं. हे कळायला ड्राफ्ट्समन लागत नाही, शेतकऱ्याचं पोर पुरे.

तो फोटो घेऊन पुन्हा गेलो. उत्तर मिळालं की खासगी ऑफिसच्या रद्दीतला कागद पुरावा म्हणून घेता येत नाही. मला राग आला होता हे कबूल करतो. घरी येताना रिक्षात विचार केला तेव्हा पटलं, त्याचं बरोबर होतं. त्या कागदावर कुणाची सही नाही, शिक्का नाही, नळीत कुणी कधी काय गुंडाळलं याचा पत्ता नाही. खरा पुरावा हैदराबादला, कुठल्या तरी फितीवर. आणि तो मिळवायची वाट आमच्यासारख्यांना कुणी कधी आखून दिलेली नाही.

हे दप्तर काय प्रकारचं आहे ते जरा जवळून बघू. कारण त्यात काय असेल आणि काय नसेल हे यंत्रावरूनच ठरतं. कृष्णधवल कॅमेऱ्यात प्रकाश मोजणाऱ्या बारीक पेशींच्या तीन पट्ट्या होत्या, प्रत्येकीत ४,०९६ पेशी. आडवी धरलेली केरसुणी पुढे ढकलत नेली की अंगण झाडलं जातं, तसा उपग्रह पुढे सरकायचा आणि सत्तर किलोमीटर रुंदीचा पट्टा ओळीओळीनं टिपला जायचा. प्रत्येक ठिपक्याला शून्य ते त्रेसष्ट यांतला एक आकडा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त ६४ छटा. आजचा साधा मोबाइल काय करतो ते आठवलं की हसू येतं. पण त्या ६४ छटांत संगमपुलापासून नगर रस्त्यापर्यंत सगळं पुणं होतं. दर फेरीला सकाळी साडेदहाच्या आसपासचा सूर्य, म्हणून सावल्याही सारख्या बाजूला. हिवाळ्यात टेकडीची वायव्येकडची उतरण काळी पडायची. अडाण्यानं तिला तळं समजावं अशी.

रंगीत कॅमेरा, लिस-३, एकशे एक्केचाळीस किलोमीटर रुंद पट्टा घेत दर चोवीस दिवसांनी त्याच जागेवर यायचा. तिसरा, विफ्स, आठशे दहा किलोमीटर रुंद बघायचा आणि पाच दिवसांनी परतायचा. त्याचा एक ठिपका पावणेनऊ एकरांचा. पिकांच्या अंदाजाला, दुष्काळाला तो कामाचा, गुंठेवारीला नाही. कृष्णधवल कॅमेरा दोन्ही बाजूंना २६ अंशांपर्यंत वळवता यायचा, म्हणजे बोलावलं तर पाच दिवसांत पुन्हा त्या जागी डोकावायचा. पण बोलावलं तर. चोवीस दिवसांचा हिशेब लावला तर पावणेबारा वर्षांत लिस-३च्या पुण्यावरून १७८ फेऱ्या होतात. जून ते सप्टेंबर ढगात गेले असं धरलं तरी शंभराच्या वर संधी उरतात. शंभर तारखा! शहराच्या कुठल्या दस्तात एवढ्या तारखा आहेत? विकास आराखडा वीस वर्षांतून एकदा होतो, तोही वेळेवर झाला तर.

आणि ती पावणेबारा वर्षं कुठली? १९९५ ते २००७. म्हणजे १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत भोवतालची गावं आली, हिंजवडीत आयटी आली, मगरपट्ट्यात उसाच्या जागी टॉवर उभे राहिले, टेकड्यांच्या पायथ्याला जेसीबी लागले, ती सगळी. पुणं ज्या काळात आजचं पुणं झालं, नेमक्या त्या काळात हा साक्षीदार डोक्यावर होता.

पुण्याला अशा दप्तरांची सवय आहे. पेशवे दफ्तर आपल्याच गावात आहे. मोडीतले कागद, कापडी रुमालात बांधलेले. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ते जपलं, पण इतिहासाच्या प्रेमानं नव्हे. इनामाचे दावे तपासायला, कुणाची जमीन खरी इनामी आणि कुणाची बनावट हे ठरवायला त्यांना ते लागत होतं. म्हणून ज्या कचेरीत ते ठेवलं तिचं नावच एलिअनेशन ऑफिस, म्हणजे इनामी जमिनींची कचेरी. सरकारला दप्तर उघडं, बाहेरच्याला बंद. अभ्यासकांनी कित्येक वर्षं दारं ठोठावली. १९३०च्या आसपास रियासतकार सरदेसायांनी निवडलेले कागद ४५ भागांत छापून आले तेव्हा कुठे लोकांना आत काय आहे याचा अंदाज आला. तोवर त्या कागदांचा उपयोग एकाच पक्षाला होता, जो सवाल विचारणारा होता त्याला. ज्याच्याकडे सवाल केला जायचा त्याला आपलाच जुना कागद बघायला मिळत नसे.

आजची गोष्ट अगदी तीच नाही, हे मान्य. भारताचं २०२३चं अंतराळ धोरण सांगतं की पाच मीटर किंवा त्याहून जाड नजरेचे सरकारी उपग्रहांचे फोटो सर्वांना मोफत आणि खुले. चांगलं पाऊल आहे आणि मी त्याची टिंगल करणार नाही. भुवन, भूनिधी ही इस्रोची संकेतस्थळं त्याच वाटेवरची. आयआरएस-१सीचे ५.८ मीटरवाले फोटो या रेषेच्या अलीकडे, खुल्या बाजूला पडतात. पण पाच मीटरपेक्षा बारीक असेल तर सरकारी खात्यांना फुकट आणि बाकीच्यांना किंमत मोजून. पुन्हा एलिअनेशन ऑफिस! ज्या खात्याशी माझं भांडण आहे त्याला फोटो फुकट, आणि मला विकत.

या रेषेच्या पलीकडे कोण आहे बघा. कार्टोसॅट-२. १० जानेवारी २००७ला गेला, ६८० किलोंचा, ६३५ किलोमीटरवरून एक मीटरपेक्षाही बारीक बघणारा. पट्टा फक्त ९.६ किलोमीटरचा, पण कर्वेनगरपासून हडपसरच्या अलीकडेपर्यंत एका नजरेत येईल एवढा. गुंठ्यात तीन नव्हे, शंभर ठिपके. त्याच्या शेवटाची मात्र फार निगुतीनं काळजी घेतली गेली. आपोआप पडायला त्याला तीस वर्षं लागली असती. इस्रोनं टाकीत उरलेलं २६ किलो इंधन वापरून त्याची कक्षा खाली आणली आणि १४ फेब्रुवारी २०२४ला दुपारी ३ वाजून ४८ मिनिटांनी तो हिंदी महासागरावर जळून गेला. आधीच्या वर्षी मेघा-ट्रॉपिक्सलाही असंच प्रशांत महासागरावर नेऊन सोडलं. जगात फार थोडे लोक निवृत्त उपग्रहासाठी एवढे कष्ट घेतात. वाचून अभिमान वाटला. आणि लगेच वाटलं, देहाची विल्हेवाट इतकी नेटकी लावली, मग दप्तराचा वारस कोण? २००७ नंतरचं पुणं त्यानं ज्या ज्या दिवशी पाहिलं असेल, ते फोटो बारीक नजरेच्या गुन्ह्याखाली रेषेपलीकडे राहतात.

इथे सुरक्षेचा मुद्दा येतो, आणि पुण्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. लोहगावचा विमानतळ, खडकवासल्याची एनडीए, पाषाणच्या प्रयोगशाळा, कॅन्टोन्मेंट, दारूगोळ्याचे कारखाने. तिथले तुकडे झाका, कुणाची ना नाही. पण बाकीच्या शहराचं काय? फोटोची संवेदनशीलता दुधासारखी असते, दिवस गेले की नासते. २००८ साली एक मीटरचा फोटो गुपित असेल. आज त्याहून बारीक फोटो शाळकरी पोर मोबाइलवर बघतं. आणि जुनं उघडायचं धाडस ज्यांनी दाखवलं ते कोण होते? अमेरिकेची हेरगिरी. १९६० ते १९७२ या काळात कोरोना नावाच्या हेर-उपग्रहांनी फिल्मवर काढलेले आठ लाख साठ हजारांहून जास्त फोटो अमेरिकेच्या अध्यक्षांनी फेब्रुवारी १९९५मध्ये एका आदेशानं खुले केले. शीतयुद्धात रशियाची क्षेपणास्त्रं मोजायला घेतलेले फोटो. आता पुरातत्त्ववाले त्यांच्यात गाडली गेलेली गावं शोधतात. हेरांनी तेवीस वर्षांत उघडलं, तर पीकपाणी आणि नगररचनेसाठी सोडलेल्या उपग्रहाला त्याहून कडक कुलूप कशाला?

दहा वर्षं पुरेत असं माझं मत आहे. फोटोच्या तारखेपासून दहा वर्षं. उपग्रह चालू असेल तर विक्रीचा, गरजेचा, नव्या कामाचा विचार असतो, ते समजू शकतो. निवृत्त झाल्यावर ती सबब उरत नाही.

विक्रीचा विचार करून काय होतं त्याचा धडा लँडसॅट-५नं देऊन ठेवलाय. अमेरिकेचा हा उपग्रह १ मार्च १९८४ला गेला. त्यालाही तीन वर्षांचंच आयुष्य धरलं होतं, २०१३मध्ये निवृत्त झाला तेव्हा विक्रम झाला होता. पण मधली गोष्ट वाईट आहे. १९८५मध्ये त्याचा कारभार खासगी कंपनीकडे गेला, एका फोटोची किंमत ४,४०० डॉलरपर्यंत चढली आणि गिऱ्हाईक असेल तिथलेच फोटो घ्यायचे अशी रीत पडली. ज्या मुलखाला गिऱ्हाईक नाही त्या मुलखाची त्या वर्षांची पानं कोरी राहिली. उपग्रह वरून जात होता, डोळा मिटून. २००८मध्ये सगळं दप्तर फुकट केलं तेव्हा जगभरचे लोक तुटून पडले, पण न घेतलेला फोटो कुणाला मिळणार?

त्याचं एक फळ आपल्या दारात दिसतं. माझ्याकडे अधूनमधून भूगोलाची, पर्यावरणाची मुलं येतात, जुने नकाशे कसे वाचायचे ते शिकायला. पुण्याच्या वाढीवर प्रकल्प असतो. कुठला डेटा घेतला विचारलं की दहातली नऊ सांगतात, लँडसॅट. तीस मीटर, नऊ गुंठ्यांना एक ठिपका. अरे, आपला साडेतेवीस मीटरचा होता, ५.८चा होता, तो का नाही घेतला? पोरं एकमेकांकडे बघतात. एक मुलगी स्पष्ट म्हणाली, "काका, ते पाच मिनिटांत उतरतं आणि जागेवर बसलेलं असतं." जागेवर बसलेलं असणं, यातच सगळं आलं.

कारण जुना फोटो आपोआप जमिनीवर बसत नाही. उपग्रह नक्की कुठे होता, किती कलला होता याचा त्या काळचा हिशेब ढोबळ असायचा, त्यामुळे फोटो बराच सरकलेला येऊ शकतो. मग खडकवासल्याची भिंत, बंडगार्डनचा पूल, लोहगावची धावपट्टी असे पक्के खुणेचे बिंदू धरून तो ताणून बसवावा लागतो. हे काम मी स्वतः केलंय, आणि एका दुपारी एक बिंदू चुकीचा धरल्यामुळे आमचा ओढा शेजारच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधून नेऊन ठेवला होता. गंमत म्हणून ठीक. कोर्टात नेला असता तर? म्हणूनच लोकांना कच्ची फाइल देऊन 'झालं, खुलं केलं' म्हणणं पुरेसं नाही. ज्याला आपली बाजू मांडायचीय तो सोयीनं ताणून बसवेल, समोरचा उलटं ताणेल. सरकारनं एकदाच, नीट, गावनकाशाला जुळवून हे फोटो बसवावेत आणि चूक किती मीटरची आहे ते फोटोवरच छापावं.

आता कुणी म्हणेल, गूगल अर्थ आहे की. आहे, आणि मीही रोज बघतो. पण मागे मागे सरकवत गेलात की चित्र धूसर होतं, ज्या वर्षांवरून भांडण आहे ती वर्षं नेमकी हातात येत नाहीत. शिवाय स्क्रीनवरचं चित्र मोबाइलवर पकडून छापलं म्हणजे पुरावा होत नाही. आधीच्या कायद्यातलं ६५-ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३: इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतं. ते देणार कोण? ज्याच्या ताब्यात मूळ दप्तर आहे तोच देऊ शकतो.

आणि तारखेचा पुरावा ही महाराष्ट्रात चैनीची वस्तू नाही. आपला सगळा कारभार कटऑफवर चालतो. गुंठेवारी नियमित करायची तर बांधकाम ३१ डिसेंबर २०२०च्या आधीचं हवं. झोपडीला संरक्षण हवं तर १ जानेवारी २०००, नंतर वाढवून २०११. प्रत्येक वेळी सरकार माणसाला विचारतं, तू त्या दिवशी इथे होतास का? मग रेशनकार्ड शोधा, लाइटबिल शोधा, मतदारयादीतलं नाव शोधा. आंबिल ओढ्याच्या काठच्या वस्त्यांत त्या रात्री पाण्यानं आधी काय नेलं असेल तर पत्र्याची पेटी, आणि कागद तिच्यातच असतात. १ जानेवारी २०००च्या त्या दिवशी आयआरएस-१सी वर चालू होता. १९९९च्या हिवाळ्यातला एखादा ५.८ मीटरचा फोटो एका झोपडीची साक्ष देणार नाही, पण वस्ती होती की मोकळं रान होतं, एवढं नक्की सांगेल.

याच फोटोनं वस्तीवाल्यांचं नुकसानही होऊ शकतं, हे मला एका कार्यकर्तीनं सुनावलं. "तुमच्या झाडीच्या रेघेवरूनच उद्या नोटिसा निघतील, काका. गोडाऊनवाल्याला नाही, आम्हाला." तिच्या बोलण्यात तथ्य आहे. फोटो मालकी सांगत नाही, हक्क सांगत नाही, कोण श्रीमंत कोण गरीब हे तर मुळीच नाही. पण विचार करा, दप्तर बंद असलं तर नोटीस काढणाऱ्याकडे ते असतंच. सरकारी खात्याला फुकट. बंद ठेवून तिच्या वस्तीला संरक्षण मिळत नाही, फक्त गोडाऊन कधी आलं हे दाखवायची तिची संधी जाते. तिला हे पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही.

हे सगळं करायला नवं खातं नको. जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. राज्याचे सातबारे, फेरफार, गावनकाशे त्यांच्या अखत्यारीत. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, ही साधी गोष्ट नाही. तलाठ्याच्या दारात घालवलेले दिवस ज्यांना आठवतात त्यांना विचारा. त्याच ठिकाणी आणखी एक उतारा सुरू करा: गाव निवडा, सर्व्हे नंबर निवडा, वर्ष निवडा, उपग्रहाचं नाव, तारीख, वेळ, ठिपक्याचं माप आणि सही असलेला फोटो मिळवा. सगळं मराठीत. लाल म्हणजे झाडी, करडं म्हणजे वस्ती, हे खाली एका ओळीत. पंधराच्या जागी पन्नास रुपये घ्या, लोक देतील.

नगररचनेतही एक साधा बदल पुरेसा आहे. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम २५ खाली आराखड्याआधी जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा करावाच लागतो. 'सध्याचा' हा शब्दच घात करतो. ओढा आधी बुजवायचा, मग सध्याच्या वापरात तो नसतो, मग आराखड्यात नसतो, मग टेबलावरचा माणूस बोट ठेवून सांगतो की दाखवलेलाच नाही. त्या नकाशाशेजारी दहा आणि वीस वर्षांपूर्वीचा उपग्रह-फोटो लावणं बंधनकारक करा. नव्यानं आलेल्या गावांमध्ये तरी करा. २०१७मध्ये अकरा आली, २०२१मध्ये तेवीस, आणि तिथल्या ओढ्यांवर अजून सगळीकडे स्लॅब पडलेला नाही. जैवविविधता उद्यानाचं टेकड्यांवरचं ९७८ हेक्टरांचं आरक्षण आहे, त्यात कुठलं घर कधी आलं यावर वर्षानुवर्षं नुसती तोंडी लढाई चालते. हेक्टरला साधारण तीनशे ठिपके. बघून घ्या ना.

आमच्या अर्जाचं अजून काही झालेलं नाही. मी नवा अर्ज टाइप करून ठेवलाय. फक्त माझ्याकडचा फोटो एका बाबतीत अपुरा पडतो. आंबिल ओढा कात्रजकडून निघतो तो सत्तेचाळीस एफ पंधरावर, पण मुठेला मिळतो तो पर्वतीच्या पलीकडे, आणि तिथे माझा कागद संपतो. आमच्या मागची लाल रेघ पर्वतीच्या अलीकडे ठळक आहे, वरच्या कडेला जाऊन कापली गेली आहे. वरची शीट म्हणजे सत्तेचाळीस एफ चौदा, त्याच फेरीची, जानेवारी १९९९ची. जुन्या ऑफिसातल्या दोघातिघांना फोन केलेत. एकाच्या माळ्यावर तीन नळ्या आहेत म्हणे. रविवारी जाऊन बघणार आहे.